साच्यांचा डबा

माझ्या आत्याला बेकरीत सगळे साचेबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि बहुतेक तिथेच राहिलं. एकतीस वर्षं तिने एकाच टेबलापाशी उभं राहून एकच काम केलं: लाटून ठेवलेल्या पिठातून साच्याने बिस्किटं कापायची. तारे, मासे, पानं, घरं, बदकं. शेजारच्या टेबलावरची माणसं बदलत राहिली. कुणी पावाच्या विभागात गेलं, कुणी केकच्या, कुणी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. आत्या जागची हलली नाही. "जागा बदलली की हात चुकतो," असं तिचं म्हणणं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली गेलेला आहे आणि उजव्या तळव्याच्या मधोमध कोटाच्या बटणाएवढा घट्टा आहे. साचा दाबून दाबून पडलेला.

मी शिवणकाम करते. कापड कसं बेतायचं हे मला त्या बाईने शिकवलं, तेही बिस्किटांवरून. तिच्या हातून दोन ताऱ्यांच्या मधे सुरीचं पातं जाईल एवढीच जागा राहायची. अजूनही माझ्या दुकानात आली की माझ्याकडे बघायच्या आधी जमिनीवरच्या चिंध्या बघते. "एवढं कापड फुकट घालवलंस? बाही उलटी ठेवायची होती." बाईने जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही, पण ती बरोबर असते, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्यात त्यानेही भर घातली आहे.

साच्यांच्या बाबतीत आत्या कुणाचं ऐकत नसे. ते पत्र्याचे होते, एका जुन्या पत्रेवाल्याने हाताने वाकवलेले. हाताला कापू नये म्हणून वरची कड दुमडलेली. त्यांना पाणी लावायचं नाही हा तिचा पहिला नियम. पाणी लागलं की गंज, आणि गंजाची काळी रेघ पुढच्या दहा-बारा बिस्किटांवर उमटते. काम संपलं की साचा कोरड्या फडक्याने पुसायचा, ब्रशने झटकायचा आणि डब्यात पिठात पुरून ठेवायचा. पीठ हवेतली ओल ओढून घेतं. एका नव्या मुलीने एकदा अख्खा संच साबणाने धुऊन उन्हात वाळत टाकला, तर आत्या तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती अशी की मुलगी बदली मागून पावाच्या विभागात गेली.

मग बेकरीत यंत्र आलं. एका रुळावरच तारे कोरलेले. खाली पट्टा सरकतो आणि तारे पडत जातात. साचे भंगारात निघाले. आत्याच्या निवृत्तीला दोनच महिने उरले होते. तिने मॅनेजरला सांगितलं, मला निरोपाची भेट वगैरे काही नको, हा डबा द्या. सव्वीस साचे, आहे तसा डबा, पिठासकट. तो मांडीवर घेऊन ती बसने घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर तिने तो ठेवला.

घरात तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ. त्याला मी दादा म्हणते. तो शहराची बस चालवतो. त्याची बायको, माझी वहिनी, चष्म्याच्या दुकानात काम करते. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण साखरेचा डबा कुठे हलवला हे घरात सगळ्यांच्या आधी तिला कळतं. आई-बाप कामावर, त्यामुळे मुंगी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. शाळेतून आली की आजीच्या हातचं खाणार, आजीच्या कुशीत झोपणार. आत्या निवृत्त झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, ही आता घरात भिंतींना साचे लावत बसेल. तसं काही झालं नाही, ते मुंगीमुळे.

पाचव्या वर्षी मुंगी वाळायला लागली. पोट फुगलेलं आणि हातापायाच्या काड्या. जेवली की पोट धरून कोपऱ्यात बसायची. जंत झाले असतील, दृष्ट लागली असेल, शाळेत काही खात असेल, जो तो आपली अक्कल चालवत होता. शेवटी रक्त तपासलं, मग नळी घालून आतडं तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गहू तिच्या आतड्याला सोसत नाही. आज नाही, उद्या नाही, जन्मभर नाही.

"चिमूटभर गेलं तर?" आत्याने विचारलं.

"चिमूट दूरच. ज्या सुरीने पाव कापला तिला जेवढं लागून राहतं ना, आजी, तेवढंही नको."

आत्या घरी येऊन चपलाही न काढता खुर्चीवर बसली. "एकतीस वर्षं जे पीठ मी नाकातोंडात घेऊन घरी आले," ती म्हणाली, "ते माझ्या पोरीला विष." मग ती रडली. मी तिला नवऱ्याच्या मागेही एवढं रडताना पाहिलं नव्हतं.

पण रडून बसणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी सासू-सुनेने मिळून स्वयंपाकघर रिकामं केलं. दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी त्याच दिवशी पाहिलं. पीठ गेलं, पाव गेला, शेवया गेल्या, सॉसच्या बाटल्या गेल्या. लाकडी लाटणं गेलं, लाकडी फळी गेली, चाळणी गेली, टोस्टर शेजाऱ्यांकडे गेला. कपाटाच्या फळ्या तीनदा पुसल्या. आत्याने स्वतःचे बेकरीतले ॲप्रनसुद्धा मला फडकी करायला देऊन टाकले. "यांच्या शिवणीत बसलेलं असेल," ती म्हणाली. डोळ्यांत तेल घालून घर झाडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मुंगीला एकच वाक्य पढवलं: कुणी काही दिलं तर आधी विचारायचं, यात गहू आहे का? पोरीने ते इतकं मनावर घेतलं की साबणाला, डिंकाला, पेन्सिलीला, बसच्या तिकिटालाही तोच प्रश्न. माझ्या दुकानात येऊन तिने बटणांच्या डब्यात बघून विचारलं तेव्हा माझं हसून पोट दुखलं.

डॉक्टरीणबाईंनी ओट चालतील म्हणून सांगितलं होतं, फक्त गव्हाच्या गिरणीला न शिवलेले, तसा शिक्का असलेल्या बंद पाकिटातले. आणि मुंगीला सगळ्या जगात एकच गोष्ट हवी होती, आजीचं बदक. झालं. जिने आयुष्यभर एकच पीठ हाताळलं ती बाई त्रेसष्टाव्या वर्षी नव्याने शिकायला बसली.

ओटच्या पिठाला ताण नसतो. गव्हाचं पीठ कसंही ओढा, धरून राहतं. हे धरत नाही. पहिल्या खेपेला बदकांच्या माना गळून पडल्या. दुसऱ्या खेपेला बिस्किटं ट्रेमधे पसरली आणि त्यांची एकच चादर झाली. आत्याने शिव्या दिल्या, मला आणि पिठाला, सारख्याच. मग तिला हळूहळू कळत गेलं. ओट नव्या मिक्सरमधे दळून दोनदा चाळायचे. लोणी, पिठीसाखर, अंडं घालून मळलं की गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा. पिठाला ओल प्यायला वेळ लागतो, घाई केली की भुगा. दोन कागदांच्या मधे लाटायचं, गव्हाच्या पोळीसारखं वरून पीठ भुरभुरत बसायचं नाही. लाटलेली पोळी कागदासकट फ्रीजमधे ठेवायची. घट्ट झाली की साचा सरळ दाबायचा, पिळायचा नाही. आणि कापलेलं बिस्किट उचलायचं नाही, त्याच्या आजूबाजूचं कातरण उचलायचं. बिस्किट जागच्या जागी राहतं. हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की जणू ओटचा शोध तिनेच लावला.

दर शनिवारी दुपारी बिस्किटं. आत्या कपाटावरचा डबा खाली काढायची, मुंगीने मागितलेला साचा पिठातून बाहेर काढून झटकायची, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायची, ओटच्या पिठात बुडवायची आणि दाबायची. मी कितीतरी शनिवारी तिथे बसून होते. माझ्या डोळ्यांदेखत. मला काही खटकलं नाही. तिलाही नाही. डब्यातलं ते पीठ आमच्या लेखी पीठच नव्हतं. शिवणयंत्रात घालायचं तेल असतं, तसं ते साच्यांचं होतं. खाण्याशी त्याचा संबंध आहे हे आमच्या डोक्याला शिवलंच नाही.

सात महिने गेले. मुंगीचं वजन काट्यावर तसंच. पोट अधूनमधून दुखायचंच, विशेषतः रविवारी. रक्त पुन्हा तपासलं, आकडे जेमतेम उतरलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय. शोधा."

शोधायचं म्हणजे संशय आलाच. वहिनीने आधी हलक्या आवाजात विचारलं, "आई, तुम्ही तिला बाहेरचं काही देत नाही ना?" मग रोज विचारायला लागली. मग विचारणंही बंद केलं आणि कामावरून आल्या आल्या मुंगीला जवळ घेऊन तिच्या तोंडाचा वास घ्यायला लागली. आत्या ते ओट्यापाशी उभी राहून बघायची. वहिनीचंही सगळं चुकत होतं असं नाही. "आमच्या वेळी नव्हते बाई असले आजार," हे वाक्य आत्याने सुरुवातीला चार-पाचदा टाकलं होतं, आणि टाकलेलं वाक्य सून विसरत नाही. दादा मूग गिळून बसला. घरी यायचा, बूट काढायचा, बातम्या लावायचा. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, आणि बस चालवणाऱ्या माणसाला मधे गाडी उभी करता येत नाही.

शेवटी वहिनीने ठरवलं की पुढच्या महिन्यापासून शाळेनंतर मुंगी पाळणाघरात जाईल. डबा ती स्वतः भरून देईल. आत्याने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात मुंगीचा मोजा होता, आणि ती तो एकसारखा उलटा-सुलटा करत होती. "माझ्या हातचं खाऊन पोर आजारी पडते म्हणे," ती म्हणाली. "मग मी या घरात करू काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच उठून चष्म्याच्या दुकानात गेले. वहिनी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानावर फ्रेम बसवत होती. त्याच्यासमोर मी म्हणाले, "आधी स्वतःची नजर तपासून घ्या. एकतीस वर्षं जिने लोकांना खाऊ घातलं, तिला तुम्ही चोर ठरवताय. स्वतःच्या नातीला विष घालेल का ती?"

वहिनीने फ्रेमची काडी शांतपणे थोडी वाकवली, गिऱ्हाइकाला आरसा दिला आणि मला म्हणाली, "नंतर बोलू." तिचे कान लाल झाले होते. आम्ही नंतर बोललो नाही.

पाळणाघर सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी एक शेवटचा उपाय सांगितला. काही मुलांना ओटही सोसत नाहीत. दोन महिने ओट पूर्ण बंद करून बघा. पाळणाघर तेवढ्यापुरतं पुढे ढकललं. बिस्किटं बंद झाली आणि मुंगी बघता बघता सुधारली. वजन दीड किलोने वाढलं, गालावर रंग आला, रविवारी सोफ्यावरून उड्या मारायला लागली. निकाल लागला. गुन्हेगार ओट.

त्या दिवशी वहिनी आत्याच्या खोलीत गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि रडली. "आई, मी तुम्हाला काय काय बोलले. मला माफ करा." आत्या म्हणाली, "जाऊ दे गं. पोर बरी झाली, माझा जीव भांड्यात पडला." पाळणाघर रद्द झालं. माझ्याकडे वहिनी एक स्कर्ट घेऊन आली, उंची कमी करायला. तो स्कर्ट तिला अगदी बरोबर बसत होता. मी समजायचं ते समजले, स्कर्ट अर्धं बोट आखूड करून दिला, आणि माझ्याकडून जे म्हणायचं होतं ते काही म्हटलं नाही. मीच बरोबर होते ना.

आता त्या शनिवारचं. दुपारचे तीन वाजले असतील. ओट नाहीत तर नाहीत, म्हणून आत्याने तांदळाचं पीठ घेऊन बेत केला होता. शिक्क्याचं, बंद पाकिटातलं. गोळा झाकून ठेवून झाला, कागदांमधे लाटून झाला, पोळी गार करून टेबलावर आली. मी खुर्चीवर बसून एका झग्याचे काज करत होते. आत्याने डबा खाली काढला आणि झाकण उघडलं. मुंगी टेबलावर कोपरं टेकून उभी होती. बदक वर दिसत नव्हतं, म्हणून ते काढायला तिने पिठात हात घालायला नेला आणि थांबली.

"आजी, यात गहू आहे का?"

मला हसू आलं. बटणांना विचारणारी पोर. मी हसून आत्याकडे पाहिलं.

आत्या डब्याकडे बघत होती. तिने दोन बोटांनी थोडं पीठ उचललं आणि चोळलं. एकतीस वर्षं चोळलेलं पीठ, तिला बघायचीही गरज नव्हती. मग तिने मासा उचलला, नखाने त्याची दुमडलेली कड खरवडली. कडेतून पिवळट, दगडासारखा घट्ट झालेला एक कपचा निघाला. मग दुसरा. मुंगी उत्तराची वाट बघत होती.

"आहे," आत्या म्हणाली.

मुंगीने हात मागे घेतला, जसं शिकवलं होतं तसं मोरीपाशी स्टुलावर चढून साबणाने धुतला आणि खेळायला निघून गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

आमचा संपला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण एवढं अंगावर आलेलं कधी पाहिलं नव्हतं. आत्या खाली बसली. मग बोटांवर तिने महिने मोजले आणि म्हणाली, "तीस शनिवार."

मी उठून दार लोटलं आणि तिला जे सांगितलं ते इथे लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "आत्या, हे पीठ मी आत्ता नेऊन टाकते. साचेही टाकते. प्लास्टिकचे नवे आण. झालं ते झालं. पोर बरी आहे, वहिनीची खात्री पटली आहे, घर जागेवर आलंय. ओटवर आळ आलाय तर येऊ दे, ओटला काय त्याचं?"

"आणि पोरीला?" ती म्हणाली. "तिला जन्मभर ओट खायचे नाहीत म्हणून सांगितलंय. आधीच तिचं अर्धं ताट काढून घेतलंय आपण. त्यातलं आणखी एक मी काढून घेऊ, माझी अब्रू झाकायला?"

"वहिनी काय म्हणेल?"

"जे म्हणाली होती तेच. ते खरंच होतं."

खरं सांगायचं तर मला आत्याच्या अब्रूपेक्षा माझी काळजी होती. त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकासमोर मी वहिनीला काय बोलले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. आत्या चोर नव्हती हे खरं, पण वहिनीची नजर चांगली होती हेही खरं, आणि ते मला गिळवत नव्हतं.

वहिनी सहाला आली. दादाही त्या दिवशी लवकर सुटला होता. आत्याने डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला नाही; टेबलाला लागेल म्हणून बाहेर जिन्यात ठेवला, आणि दोघांना दारात बोलावून दाखवला. एकही सबब न सांगता तिने सगळं सांगितलं. साचे, पीठ, कडा, शनिवार. कपचे तिने एका कागदात बांधून ठेवले होते, तेही उघडून दाखवले. दादा "अगं आई" एवढंच म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

वहिनी बराच वेळ डब्याकडे बघत उभी होती. मग आत गेली. न्हाणीघराचा नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

"आई, मला तुमच्यावर ओरडायचंय," ती म्हणाली. "पण मी आधीच एवढं ओरडून घेतलंय की आता काही उरलंच नाही."

"ओरड गं. मी ऐकते."

"नको." ती थांबली. "एक सांगते. यापुढे तिच्या खाण्याला तुम्ही हात लावायचा नाही. रागाने नाही सांगत. तुमच्या हाताला एकतीस वर्षांची सवय आहे, ती तुम्हालासुद्धा दिसत नाही. आज साचे निघाले. उद्या काय निघेल ते ना तुम्हाला माहीत, ना मला."

मला वाटलं, आत्या काहीतरी म्हणेल. तिने मान हलवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सव्वीस साचे तिने स्वतः भंगारवाल्याकडे पोचवले. मी बदक ठेवून घे म्हणाले, आठवण म्हणून. "आठवण काय काढायची त्याची?" असं म्हणून तिने पिशवीला गाठ मारली.

मी सोमवारी चष्म्याच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेले होते, पण वहिनीने मला पहिल्याच वाक्यावर थांबवलं आणि तपासणीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. तुमचीच नजर तपासून घेऊ." तिने खरंच तपासली. मला जवळचा नंबर निघाला. म्हणून सुईत दोरा जात नव्हता. ती हसली नाही, मीही नाही, पण चष्मा तिने स्वतः माझ्या कानावर बसवला.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी ओट पुन्हा द्यायला परवानगी दिली. परत रक्त तपासलं. आकडे ठीक. ओट निर्दोष सुटले. वहिनीने ठरवलं, बिस्किटं ती स्वतः करणार. नवा ट्रे, प्लास्टिकचे साचे, रोज धुता येतील असे. आत्या दाराजवळच्या खुर्चीवर, हात मांडीवर, तिथून सूचना.

"गोळा झाकून ठेव. अर्धा तास."

"वीस मिनिटं झाली, आई. घट्ट वाटतोय."

"अर्धा तास म्हटलं ना."

"उंटावरून शेळ्या हाकू नका," वहिनी म्हणाली, आणि ऐकलं नाही. पहिला घाणा भुगा झाला. आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे हात मांडीवर एकसारखे हलत होते. उजवा तळवा हवेत दाबत होता, सरळ, न पिळता. मी बघितलं आणि हातातल्या शिवणाकडे नजर वळवली. दुसऱ्या घाण्याला वहिनी अर्धा तास थांबली. कातरण उचललं, बदकं जागेवर राहिली, एकाचीही मान गळाली नाही. भाजून ट्रे बाहेर आला तेव्हा वास खोलीभर झाला, आणि मुंगी बोलावल्याशिवाय हजर झाली.

बिस्किटं ट्रेमधेच गार होईपर्यंत सगळे थांबलो. मग वहिनीने एका स्वच्छ ताटलीत चार बदकं ठेवली, ती ताटली मुंगीकडे न नेता आत्यासमोर धरली आणि म्हणाली, "तुम्ही द्या तिला."

आत्याला ते अपेक्षित नव्हतं. ती उठली, मोरीपाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. परत येऊन तिने त्यातलं सगळ्यात चांगलं बदक निवडलं आणि हात पुढे केला.

मुंगीने बदकाकडे पाहिलं. मग ते धरलेल्या हाताकडे. मग मान वळवून आईला विचारलं,

"आई, आजीच्या हातचं चालेल?"

वहिनीने डोळे मिटून घेतले. दादा दारात उभा होता, तो तिथूनच मागे फिरला. मी उठणार होते, पोरीला काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आत्याच बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, बेकरीत नव्या मुलींना कामाचं सांगायची तसा.

"शाबास," ती म्हणाली. "असंच विचारायचं. कुणीही दिलं तरी. मी दिलं तरी."

वहिनीने मुंगीला मानेनेच हो म्हटलं. मुंगीने बदक घेतलं, डोकं आधी खाल्लं, नेहमीसारखं, आणि दुसरं मागितलं. आत्याने ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "दुसरं आईकडून घे हं, राणी." मग ती परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.